घरातील वस्तू, नवरा-बायकोचे भांडण आणि कायदा



गेल्या पावसाळ्यात अलिबागहून आमच्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती आणि आम्ही मराठी शाळेत एकाच बाकावर बसून शिकलो. पुढे आम्ही इस्रायलला आलो, ती अलिबागलाच राहिली. तिची मुलगी परिचारिका असून कतार देशात, दोहा शहरातील एका इस्पितळात काम करते. जावईही तिथेच नोकरीला आहे. मैत्रिणीचा आवाज ऐकूनच आम्ही ओळखले की काहीतरी बिनसले आहे.

घडले होते ते असे. नवरा-बायकोचे भांडण झाले. कारण सांगण्यासारखे नाही; चार घरांत असते तेच, पैसा आणि सासर-माहेर. रागाच्या भरात जावयाने दिवाणखान्यातील टीव्ही जमिनीवर आपटला. मग मुलीला तिच्या आईने लग्नात दिलेला चांदीचा करंडा बाल्कनीतून खाली भिरकावला. त्या धडपडीत बाल्कनीच्या दाराची काच फुटली. मुलगीही मागे राहिली नाही. तिने नवऱ्याचा लॅपटॉप उचलून न्हाणीघरातील नळाखाली धरला. त्यानंतर त्याचा पासपोर्ट हातात घेतला. तो मात्र फाडला नाही, टेबलावर ठेवून दिला आणि रडत बसली.

दुसऱ्या दिवशी जावई म्हणाला, “माझ्या घरातली माझी वस्तू मी फोडली. त्यात कोणाच्या बापाचे काय गेले?” मुलगी म्हणाली, “टीव्हीत निम्मे पैसे माझ्या पगाराचे होते.” तो म्हणाला, “मग निम्मा माझा होता, तो मी फोडला!” मुलीने आईला सांगितले, “मावशींना विचार. त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवले, त्या सरळ सांगतील.”

आम्ही कायदेपंडित नव्हे. पण प्रश्न चांगला आहे, आणि तो केवळ दोह्यातील एका घराचा नाही. म्हणून जे वाचले व विचारून घेतले, ते धड्याच्या रूपाने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पाच वस्तू, पाच मालक

जावयाची पहिली चूक “माझ्या घरातली” या शब्दांत आहे. घरात असलेली प्रत्येक वस्तू घरधन्याची नसते. या भांडणात पाच वस्तू आल्या, आणि पाचांचे मालक वेगवेगळे आहेत. टीव्ही दोघांचा. करंडा तिचा. लॅपटॉप त्याचा. दाराची काच घरमालकाची, कारण जागा भाड्याची. आणि पासपोर्ट? तो दोघांपैकी कोणाचाच नाही. भारताच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. आपण तो फक्त जवळ बाळगतो. मुलीने तो फाडला नाही हे तिचे शहाणपण. परदेशात पासपोर्ट गेला म्हणजे माणसाचे पायच बांधले जातात.

आता एकेक वस्तू घेऊ. सर्वांत अवघड टीव्हीचा प्रश्न. म्हणून तोच प्रथम घेऊ.

सामाईक घोडा

लग्न झाले म्हणून नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप एक होते, असे भारतात बहुतेक ठिकाणी नाही. ज्याने घेतली त्याची, दोघांच्या पैशाने घेतली तर दोघांची. याला गोवा हा मोठा अपवाद. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिथे पती-पत्नीची संपत्ती एकत्र धरली जाते आणि घर-जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. कोकणातून सावंतवाडीच्या पलीकडे पाऊल टाकले की कायदा असा बदलतो.

पण टीव्ही दोघांच्या पैशाचा असल्यामुळे तो दोघांचा, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच की निम्मा मालक वस्तू फोडू शकतो काय?

याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ४२५ वे कलम होते. दुसऱ्याचे गैर नुकसान करण्याच्या हेतूने, किंवा तसे नुकसान होईल हे माहीत असून, वस्तू नष्ट करणे वा तिची किंमत किंवा उपयोग कमी करणे, या गुन्ह्याला कायद्याच्या मराठीत ‘आगळीक’ म्हणतात. शब्द किती सौम्य! आम्ही शाळेत मुलांच्या खोड्यांना आगळीक म्हणत असू. या कलमाखाली स्पष्ट लिहिले होते की, वस्तू स्वतःची असली, किंवा स्वतःची व दुसऱ्याची मिळून सामाईक असली, तरीही आगळीक घडू शकते. आणि समजावण्यासाठी एक उदाहरण दिले होते. एका घोड्याचे दोघे मालक आहेत. त्यांतील एकाने दुसऱ्याचे नुकसान व्हावे म्हणून घोड्याला गोळी घातली. त्याने गुन्हा केला.

आम्हाला हे उदाहरण फार आवडले, कारण ते लहान मुलालाही कळते. घोड्याचा निम्मा भाग मारता येत नाही. गोळी लागली की दुसऱ्याचा निम्मा घोडाही मेला. टीव्हीचेही तसेच. जावयाने आपला निम्मा टीव्ही फोडला असे तो म्हणतो, पण बायकोचा निम्मा त्याने कुठे शाबूत ठेवला?

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यात हा गुन्हा कलम ३२४ मध्ये आहे आणि सामाईक मालमत्तेचे स्पष्टीकरण तसेच ठेवले आहे. शिक्षा मात्र वाढली. पूर्वी साध्या आगळीकीला तीन महिन्यांपर्यंत कैद होती, आता सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुकसान वीस हजार रुपये ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, आणि एक लाख वा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. आजकालच्या टीव्ही-लॅपटॉपच्या किमती पाहता वीस हजारांचा आकडा गाठायला एक झटका पुरतो.

हेतूचा मुद्दाही ध्यानात ठेवावा. हातून पेला निसटून फुटला तर ती आगळीक नव्हे. जुना मोडका पंखा दोघांनी मिळून भंगारात दिला तर तीही नव्हे. दुसऱ्याचे नुकसान होईल हे माहीत असूनही जे केले जाते, तेच या कलमात येते.

करंडा आणि लॅपटॉप

चांदीच्या करंड्याबद्दल तर शंकाच नको. आईने मुलीला दिलेली ती वस्तू स्त्रीधन आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे; ते नवऱ्याच्या कपाटात ठेवले तरी तो केवळ विश्वासाने सांभाळणारा, मालक नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये केरळातील एका दांपत्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा हेच सांगितले. स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता होत नाही. अडचणीच्या काळी नवऱ्याने ते वापरले, तरी परत करण्याचे बंधन त्याच्यावर राहते. त्या प्रकरणात पत्नीच्या दागिन्यांपोटी पंचवीस लाख रुपये देण्याचा हुकूम झाला.

शिवाय वरच्या मजल्यावरून चांदीची जड वस्तू खाली फेकणे म्हणजे वाटेने जाणाऱ्याच्या डोक्याशी खेळ. सुदैवाने खाली कोणी नव्हते. रखवालदाराने करंडा उचलून ठेवला. झाकण चेपले आहे.

आता लॅपटॉप. इथे आमच्या मैत्रिणीला राग आला. “त्याने एवढे केले, मग हिने एक लॅपटॉप भिजवला तर काय बिघडले?” बिघडले ते हे, की तो सर्वस्वी नवऱ्याचा होता. त्याने आधी फोडले म्हणून तिला फोडण्याचा परवाना मिळत नाही. दोन आगळिकी एकमेकींना खोडून काढीत नाहीत. कागदावर दोन गुन्हे मांडले जातात. इतका वेळ तक्रार करणारी असलेली बाई क्षणात उत्तर देणारी होते. हे आम्ही मुलीला स्पष्ट कळवले आणि तिला ते पटले.

कतारमध्ये काय?

पण हे सारे भारताचे. भांडण तर दोह्यात झाले. मग कायदा कोणता?

गुन्ह्याच्या बाबतीत पहिला हक्क त्या भूमीचा. कतारची दंडसंहिता, म्हणजे २००४ चा कायदा क्रमांक ११, कतारच्या भूमीवर घडलेल्या गुन्ह्याला लागू होते, मग माणूस कतारी असो वा अलिबागकर. दुसऱ्याची मालमत्ता जाणूनबुजून नष्ट करणे हा तिथेही गुन्हा आहे. त्याच वर्षीची नागरी संहिता, कायदा क्रमांक २२, हिच्यात भरपाईचे तत्त्व आहे: ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले, त्याने ते भरून द्यावे. आणि सहमालकाने आपला हिस्सा असा वापरावा की दुसऱ्या सहमालकाच्या हक्काला धक्का लागू नये. पुन्हा आपला घोडाच आला!

कौटुंबिक बाबींसाठी २००६ चा कायदा आहे. त्याचाही क्रमांक २२ च, म्हणून घोटाळा होऊ देऊ नये. मुस्लिम धर्मशास्त्रात लग्नाने पती-पत्नीची संपत्ती एक होत नाही. प्रत्येकाचे ते प्रत्येकाचे, आणि महर ही पत्नीची. बिगर-मुस्लिम जोडप्यांच्या कौटुंबिक बाबतीत त्यांचे स्वतःचे नियम पाहण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणजे कोणत्याही बाजूने गेले तरी “घर माझे म्हणून सगळे माझे” हे म्हणणे टिकत नाही.

भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही भारतीय न्याय संहिता लागू होते. मात्र परदेशात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी व खटला भारतात चालवायचा तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. म्हणून “भारतात गेल्यावर बघून घेईन” ही धमकी वाटते तितकी सोपी नाही, आणि “इथे आपल्याला कोण विचारतो” ही समजूतही खरी नाही.

फुटलेल्या काचेचा हिशेब साधा आहे. घरमालकाला घरातल्या भांडणाशी कर्तव्य नाही. त्याला काच हवी किंवा काचेचे पैसे हवेत, आणि ते दोघांनी मुकाट्याने द्यावेत.

आणि इस्रायलमध्ये?

आपल्या वाचकांपैकी बहुतेक इथले, तेव्हा इथलेही सांगितले पाहिजे. १९७३ चा पती-पत्नी मालमत्ता कायदा १ जानेवारी १९७४ पासून झालेल्या लग्नांना लागू आहे. त्यातील मूळ तत्त्व असे: लग्न संपताना दोघांच्या मालमत्तेच्या किमतीचा समतोल साधून प्रत्येकाला अर्धा वाटा मिळावा. लग्नाआधीची मालमत्ता, तसेच लग्नानंतर भेट किंवा वारसा म्हणून मिळालेली, त्यातून वगळली जाते. त्याआधी लग्न झालेल्या जुन्या जोडप्यांना न्यायालयांनी घडवलेले भागीदारीचे तत्त्व लागू होते. वाटणी चुकवावी म्हणून एखाद्याने मालमत्ता हातावेगळी केली, तर न्यायालय ती अजून त्याच्याकडेच आहे असे धरून हिशेब करू शकते.

जाणूनबुजून व बेकायदा मालमत्ता मोडणे हा १९७७ च्या दंड कायद्याच्या ४५२ व्या कलमाखाली गुन्हा असून शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. १९९१ च्या कौटुंबिक हिंसा प्रतिबंधक कायद्याखाली न्यायालय संरक्षणाचा आदेश देऊ शकते. कुटुंबातील माणूस जी वस्तू हक्काने वापरतो, तिच्या वापरात अडथळा आणू नये, असेही त्या आदेशात बजावता येते. अडथळा आणणाऱ्याचा त्या वस्तूवर हक्क असला तरीसुद्धा. ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी. “माझे आहे” एवढे म्हणून इथेही सुटका नाही.

आपले शास्त्र

कायदा नवा, पण विचार जुना आहे. देवारीमच्या विसाव्या अध्यायात युद्धाच्या वेळीही फळझाडे तोडू नयेत असे सांगितले आहे. त्यावरून ‘बाल ताशहीत’, म्हणजे व्यर्थ नाश करू नये, हा नियम निघाला. रांबामने तो भांडी फोडणे आणि कपडे फाडणे यांनाही लावला आहे. तालमूदच्या शब्बाथ भागात रागाने भांडी फोडणाऱ्याची तुलना मूर्तिपूजकाशी केली आहे. कारण जो आज रागाचे ऐकतो, तो उद्या राग सांगेल ते सर्व करील.

बाबा कामाच्या मिश्नात आठव्या अध्यायात आणखी बारीक भेद आहे. आपली स्वतःची रोपे तोडणे योग्य नाही, पण त्याबद्दल भरपाई द्यावी लागत नाही. दुसऱ्याने तोडली तर भरपाई द्यावी लागते. म्हणजे स्वतःच्या वस्तूच्या बाबतीतही परवानगी नाहीच. फक्त दंड नाही. मग जिथे निम्मी वस्तू दुसऱ्याची, तिथे काय ते वाचकांनीच ठरवावे.

आणि पत्नीच्या मालमत्तेचे तर आपल्याकडे दोन स्पष्ट प्रकार आहेत. ‘त्सोन बर्झेल’ म्हणजे केतुबात किंमत लिहून नवऱ्याच्या जबाबदारीवर दिलेली मालमत्ता. ती नष्ट झाली तरी ठरलेली किंमत तो देणे लागतो. ‘मेलोग’ म्हणजे पत्नीचीच राहणारी मालमत्ता. तिचे उत्पन्न नवऱ्याने घ्यावे, मूळ वस्तू मात्र तिची. सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनाबद्दल २०२४ साली जे सांगितले, त्याच्या जवळचे बोल आपल्या जुन्या विद्वानांनी कधीच लिहून ठेवले होते.

मग करावे काय?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आम्ही मुलीला आईमार्फत विचारला: हे पहिल्यांदा घडले की नेहमीचे आहे? एकदा डोके फिरून वस्तू फुटली, दुसऱ्या दिवशी लाज वाटली आणि भरपाई केली, तर ती गोष्ट वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही साध्या आगळीकीत, नुकसान खाजगी व्यक्तीचेच असेल तर, तडजोडीची वाट मोकळी ठेवली आहे. पण दर भांडणात काहीतरी फुटते, आणि फोडणारा मुद्दाम दुसऱ्याच्या जिवाभावाची वस्तू निवडतो, तेव्हा ते वस्तूचे भांडण राहत नाही. आज करंडा, उद्या हात, असा तो इशारा असतो. भारताचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा हे ओळखतो. घरातील वस्तूंची व स्त्रीधनाची विल्हेवाट लावणे याला तो आर्थिक छळ म्हणतो, आणि नष्ट केलेल्या वस्तूंची भरपाई देण्याचा हुकूम दंडाधिकारी करू शकतात. तो कायदा स्त्रियांसाठी आहे. ज्या पुरुषाचे नुकसान झाले, त्याला आगळीकीची तक्रार व भरपाईचा दावा हे मार्ग आहेतच.

तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, उलट फोडू नये; घराबाहेर पडावे, शेजारी बसावे, पण हात आवरावा. दुसरी, फुटलेल्या वस्तूंचे फोटो काढावेत, पावत्या जपाव्यात आणि कोणती वस्तू कोणाच्या पैशाने आली याची यादी करावी. तिसरी, पासपोर्ट, शाळेचे दाखले, मुलांची कागदपत्रे भांडणाच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. चौथी, जिवाची भीती वाटत असेल तर यादी करीत बसू नये. आधी सुरक्षित जागी जावे व पोलिसांना कळवावे. दोह्यात ‘विफाक’ हे कौटुंबिक सल्ला केंद्र आहे, ‘अमान’ हे संरक्षण केंद्र आहे, आणि भारतीय दूतावासाचे दारही आहे.

मुलीने उत्तर पाठवले: फोडाफोडीची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी कपबशा होत्या, म्हणून तिने आईला सांगितले नव्हते. कपबशांवरून टीव्हीवर आणि करंड्यावर मजल गेली, हे वाचून आम्ही तिला लगेच निरोप दिला की तिसऱ्या वेळेची वाट पाहू नकोस. फोटो काढून झाले आहेत. दोघे सल्ला केंद्रात जायला तयार झाले आहेत. जावयाने काचेचे पैसे दिले आणि करंडा सोनाराकडे नेऊन देण्याचे कबूल केले आहे. मुलीने लॅपटॉपच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढले आहेत. पुढे काय होते ते पाहायचे. यापुढे काही फुटले तर गप्प बसायचे नाही, एवढे तिने आईला वचन दिले आहे.

हुप्पाखाली आपण एक पेला फोडतो. तोही फडक्यात गुंडाळून, कोणाला काच लागू नये म्हणून, आणि यरुशलेमची आठवण म्हणून. एका संसाराला तेवढी फोडाफोड पुरे.